कुंपणाखाली कोंबलेलं रोप

प्रिय आई,

तू गेलीस तेव्हा खूप रडलो, पण पत्र लिहावं असं काही सुचलं नव्हतं. आज लिहितोय, कारण आज दुपारी कळलं, मी तुझ्यावर घेतलेला आळ खोटा होता. सहा वर्षं मी तो खरा धरला, चारचौघांत मिरवला, आई.

ती बाग आठवते तुला? आमच्या वेस्ट विंडसरहून दीड तासावर, पेन्सिल्वेनियातली जुनी इस्टेट, आणि टेकडीभर स्नोड्रॉप्सच्या पांढऱ्या फुलांचा सडा. विमानं आदळून ते दोन टॉवर पडले, त्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. माझं ग्रीन कार्ड अडकलेलं, ऑफिसात रोज कुणाला तरी काढत होते, आणि दुकानात शिरलो तरी लोक माझ्या हातांकडे बघताहेत असं वाटायचं. तू मात्र पांढऱ्या साडीवर माझं जुनं जॅकेट चढवून खुशाल हिंडत होतीस.

मी तुझ्या नातीला, छोट्या मैत्रीला, बाथरूमला घेऊन गेलो. परत येतो तर तू पार्किंगपाशी उभी, हातात ओल्या पेपरात गुंडाळलेला रोपांचा गड्डा, तोही मुळांसकट! गेटवरचा माणूस आपल्याकडेच बघत होता. मी गड्डा तुझ्या हातातून हिसकावला आणि कुंपणाखाली कोंबला.

"अरे बाबू, ऐकून तर घे," तू म्हणालीस.

मी कुठला ऐकतोय! घर येईपर्यंत तोंड चालू होतं. इथे पोलीस बोलावतात, माझी नोकरी जाईल, हे काय आपलं भंडारा गाव आहे का, वाट्टेल ते बोललो. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला मी चोरी करू नये हे शिकवत होतो. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. का गप्प बसलीस गं? एक थोबाडीत द्यायची होतीस. पुढे महिनाभर इथेच होतीस, मग चार वर्षं फोनवर होतीस, पण एकदाही विषय काढला नाहीस.

मी काढला. ग्रीन कार्ड आलं, भीती गेली आणि त्याचा विनोद झाला. दर पॉटलकला, मित्रमंडळी घरून एकेक पदार्थ घेऊन जमली की, रंगवून सांगायचो, आमच्या आईने अमेरिकेत फुलं चोरली. सगळे हसायचे. मैत्री ते ऐकतच मोठी झाली.

आज तिच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुन्हा तिथे गेलो. एक म्हातारा माळी गुडघ्यांवर बसून गड्डे उकरत होता. मैत्री त्याच्याशी गप्पा मारायला लागली आणि आता ही काय सांगणार ते मला कळलं. मी मराठीतून दटावलं, चल म्हटलं. ती कुठली ऐकते, माझीच पोरगी!

"माय ग्रँडमा स्टोल फ्लॉवर्स फ्रॉम हिअर," ती हसत म्हणाली.

माळी हसला नाही. पांढऱ्या कपड्यांतली बाई का, त्याने विचारलं, लोकरी मोज्यांवर चपला घातलेली? मग म्हणाला, त्यांनी काही चोरलं नाही, मीच दिलं होतं. फुलं सरता सरता, पानं हिरवी असतानाच ही रोपं हलवायची असतात. तो ते करत होता तेव्हा तू शेजारी वाकलीस, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, धानाची कोवळी रोपं, आपले पऱ्हे, उपटून चिखलात कशी रोवतात ते त्याला करून दाखवलंस. खूश होऊन त्याने तुला एक गड्डा बांधून दिला.

"रोप जगलं का?" त्याने मला विचारलं. "आणि त्या कशा आहेत?"

मैत्री माझ्याकडे टक लावून बघत होती. "बाबा, यू नेव्हर आस्क्ड हर?"

मग दोघांना कुंपणापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. मला लाज वाटली आई, फार लाज वाटली. मी गड्डा जिथे कोंबला होता तिथे घमेलंभर फुलं पसरलीत. माळ्याने खुरपं माझ्या हातात दिलं. अर्धा गड्डा घरी आणलाय. तू सकाळी चहा घेऊन ज्या खिडकीशी उभी राहायचीस, तिच्याखाली आम्ही तो लावला. माझ्या नखांत अजून माती आहे.

शनिवारी पॉटलक आहे. जे जे हसले होते, त्या सगळ्यांना मी ही गोष्ट शेवटापर्यंत सांगणार आहे. आणि मैत्री काही सांगायला लागली, की तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तोंड उघडणार नाही. शब्द देतो.

तुझं ऐकून घ्यायचं मात्र राहूनच गेलं गं.

तुझा,
बाबू