शिरगणतीपुरते गावकरी

अथेन्स
२१ फेब्रुवारी १९९१

ती. पोलिक्सेनीताईस,
थ्रासोसचा सा. न. वि. वि.

आम्ही सर्व इकडे खुशाल. तुझ्या भावजयीची, एव्थालियाची, पाठ तेवढी कुरकुरते. आई बरी आहे ना? तिला सांग, तिचा थ्रासोस आता मोठा माणूस झालाय. आपल्या अथेन्सवासी गावकऱ्यांच्या मंडळाने मला अध्यक्ष केलं आहे!

कामाचं असं. रविवारी १७ मार्चला देशभर शिरगणती आहे. त्या दिवशी घरात सापडला आणि ‘इथेच कायम राहतो’ अशी सही केली, की तो तिथला. खाली नदीकाठचे लिवादाकीवाले टपून बसलेत. आपल्या पेत्रोव्रिसीत दीडशे डोकी भरली नाहीत तर आपली ग्रामसभा मोडून गाव त्यांच्याच दावणीला बांधणार, असं कानावर आलंय. आपल्या बापजाद्यांचं गाव लिवादाकीच्या बेडूकखाऊंच्या हाताखाली? मी मंडळात उभा राहून असा बोललो, की दोघांनी डोळे पुसले. तीन बस भरून आम्ही शनिवारी येतो. एकशे सत्त्याऐंशी माणसं! यादी जोडली आहे.

तू फक्त घरं उघडून झाडून ठेव आणि सगळ्या चुली पेटव. मोजणारा वळणावरून वर बघेल तेव्हा प्रत्येक घरातून धूर दिसायला हवा. थोडे पालेभाजी भरून भाजलेले पिटे आणि मोठं पातेलंभर घेवड्याचं सूप केलंस की झालं. तुझ्या हातची चव मंडळात कुणीच विसरलेलं नाही.

तुझ्या डोळ्याचं उन्हाळ्यात बघू. दहा दिवस दुकान बंद ठेवणं या घडीला जमत नाही. दुकान म्हणजे काय हे तुम्हा डोंगरातल्या लोकांना कसं कळणार! रागावू नकोस, थट्टा केली.

लोभ आहेच, तो असाच वाढता ठेव.

तुझा
थ्रासोस

---

पेत्रोव्रिसी
२ मार्च १९९१

चि. थ्रासोस यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्म्यावर भिंग धरून दोन दिवसांत वाचलं आणि वाचताना जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

यादी तीनदा वाचली. अध्यक्षसाहेब, हिवाळ्यात इथे आम्ही नऊ जण असतो. शेजारची लाम्ब्रिनी जानेवारीत गेली, नाहीतर दहा. ती गेल्याचं कळायला आम्हाला दोन दिवस लागले. कॉफीघरातून तुला फोन केला, तिच्या पुतण्याला केला, तेव्हा रस्ता बंद आहे म्हणालात. रस्ता दुसऱ्याच दिवशी उघडला. पण कुणी आलं नाही. पेटी उचलायला चार पुरुष मिळेनात. बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, दोन म्हातारे आणि मी, असे चौघे खांदेकरी झालो. उतारावर मी दोनदा घसरले. आता तुझ्या यादीत तिच्याच घरात पुतण्या, त्याची बायको आणि दोन मुली ‘कायम वास्तव्यास’ आहेत. त्या चुलीत मी लाकडं घालायची? 

डोळ्याचं तिसऱ्यांदा सांगते, कारण दोनदा सांगितलेलं तुला ऐकू गेलेलं नाही. उजवा गेला. डावाही चाललाय. अथेन्सच्या इस्पितळात १९ मार्चची तारीख मिळाली आहे. ती चुकली तर पुढची हिवाळ्याच्या तोंडावर, आणि तोवर मला दरवाजा आणि भिंत यांतला फरक कळणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मग आईला कोण उचलणार? ती अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली. कधी सगळं लख्ख आठवतं, कधी मलाच आजी समजते. तिच्याजवळ राहायला मी तुझ्याकडे दहा दिवस मागितले. ते तुझ्याकडे नाहीत. धुरासाठी मात्र दोन दिवस आहेत.

घरं झाडून ठेवते. गावासाठी नाही, घाण बघवत नाही म्हणून.

तुझी
पोलिक्सेनी

---

पेत्रोव्रिसी
शनिवार १६ मार्च, दुपारी

थ्रासोस,

हे पत्र पावाच्या फडक्याखाली ठेवते आहे. भूक लागली की सापडेलच.

तुम्ही उतरलात ते पाहिलं. चर्चच्या पारावर सॉसेज भाजायला घेतलीत तेही पाहिलं. ईस्टरचा मोठा उपास चालू आहे, अंड्यालाही कुणी हात लावत नाही, आणि गावाचे तारणहार देवाच्या दारात चरबी जाळतात! लाम्ब्रिनीचा पुतण्या मला विचारत होता की काकूची चावी कुठे असते. काकूला कुठे पुरलं ते त्याने विचारलं नाही. तू आईच्या खोलीत डोकावलास, नाकाला रुमाल लावलास आणि भाषणाला गेलास. त्या रुमालाची मला जितकी किळस आली तितकी दोन वर्षांत आईच्या कशाचीच आली नाही.

एव्थालिया पाठीमुळे आली नाही, तरी तिचं नाव आपल्या घरात लिहिणार आहेस म्हणे. इतक्या माणसांत मला एकच सरळ माणूस भेटला, तुमच्या तिसऱ्या बसचा ड्रायव्हर. तो रिकामी बस घेऊन परत निघालाय, सोमवारी तुम्हाला न्यायला येईल. म्हणतो, मावशी, माझं घर अथेन्सला, मी माझ्या घरीच मोजला जाणार. मी त्याला म्हटलं, मग मलाही घेऊन चल.

तू उद्या सरकारी कागदावर सही करून सांगणार आहेस की तू इथे कायम राहतोस. तेव्हा राहा. मी तुझ्या घरी राहते.

आईची कूस दर दोन तासांनी बदल, नाहीतर पाठीला जखमा होतील. भांडं पलंगाखाली आहे. फडकी उकळून धुवायची, नुसती खळबळायची नाहीत. भरवताना मान वर धर. शेळीची धार सकाळी लवकर. आईला मी सांगितलंय की डोळे घेऊन परत येते.

पोलिक्सेनी

---

पेत्रोव्रिसी
२४ मार्च १९९१

ती. ताईस सा. न. वि. वि.

एव्थालियाने कॉफीघरात फोन करून सांगितलं, डोळा नीट झाला. तुला अजून वाचायची मनाई आहे, तेव्हा हे तीच वाचून दाखवेल. वाचू दे. मी तुझ्याबद्दल शनिवारी चारचौघांत काय काय बोललो ते तिला इतरांकडून कळलंच असेल. माफ कर.

सोमवारी सगळे गेले. मी म्हटलं, दोघेजण तरी मदतीला थांबा. पुतण्या म्हणाला, अध्यक्ष, गाव तुमच्या हाती सुरक्षित आहे. आणि बसचा दरवाजा लावून घेतला. पारावर हाडं, कागदी ताटल्या, बाटल्या. मंगळवारी तू तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर होतीस तेव्हा मी इथे ते गोळा करत होतो. गावाच्या प्रेमाचा हा एवढा उकिरडा होईल असं भाषण करताना वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा आईचं भांडं उचललं आणि अंगणात जाऊन ओकलो. तुला हसू येईल, हस. फडकी दोनदा नुसती खळबळली, तिसऱ्यांदा उकळली. कूस बदलतो. पाठीला जखम नाही, रोज बघतो.

एक गोष्ट फोनवर सांगता आली नाही. रविवारी मोजणारा आपल्याकडे आला. मी आईच्या पलंगाशी बसून चौघांची नावं सांगितली, मी, एव्थालिया, दोन्ही मुलं. मुलं तेव्हा पारावर होती. तो भला माणूस लिहीत होता. आईने विचारलं, हे कोण? तो म्हणाला, आजी, हा तुमचा मुलगा ना, थ्रासोस? आईने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग त्याला अगदी समजावून सांगितलं, की माझा थ्रासोस ऑगस्टात येतो, आता मार्च आहे, तेव्हा हा दुसरा कुणीतरी असेल.

मोजणाऱ्याने पेन थांबवलं. मी सही केली नाही. चारही नावं खोडायला सांगितली. आपल्या घरात दोनच लिहिली, आई आणि तू, तात्पुरती परगावी. मंडळाने मला अध्यक्षपदावरून काढलंय. लिवादाकीवाले जिंकले तर जिंकू देत.

तू घाई करू नकोस. थेंब वेळेवर घाल. दुकान बंद आहे आणि कुणाचं काही अडलेलं नाही. आई मला ‘अहो’ म्हणते. सूप भरवलं की आभार मानते आणि रोज विचारते, अहो, तुमची आई कुठे असते? मी सांगतो, इथेच. तिला बरं वाटतं. म्हणते, मग भाग्यवान आहे बिचारी.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही, तरी मागतो.

तुझा
थ्रासोस