विमानातलं ओलं बी

डोळखांब, २९ मे २०२५

ती. ताईस तानीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खाडीचा बांध फुटला, खारं पाणी पडवीत शिरलं नि आईच्या तांबड्या भाताचं बी नासलं, हे वाचून मला राग आला. तुझा नाय, खाडीचा. सगळे म्हणतात फोन कर, पण तुझे कान गेल्यापासून तू नुसती हा हा करतेस नि ऐकत काय नाय. म्हणून कागदच बरा.

रडू नको. आई गेली तेव्हा बी दोघींत वाटलं होतं, माझ्याकडचं हाय. पाच पायल्या घेऊन मीच येते. संदीपने मुंबईवरनं विमानाचं तिकीट काढलंय, शनिवारी सात तारखेचं, मंगळवारी परत. म्हणतो, आई, तासाभरात मावशीकडं. मग मी गुरुवारीच बी भिजवते, शुक्रवारी उपसून गोणपाटात दाबते. शनिवारी मोड आलेलं बी थेट तुझ्या वाफ्यात. दोन दिवस वाचले. चिखल करून ठेव, भावोजींना म्हणावं बसू नका.

लोभ हाय तेवढा ठेव, वाढवायला आता टाइम नाय.

तुझी तानी

---

कोंडवाडी, ४ जून २०२५

चि. तानीस ताईचे अनेक आशीर्वाद.

बाई, भिजवू नकोस. लहानपणापासून तुला दम नाही. आमचं विमानतळ म्हणजे कातळाच्या सड्यावरची एक इमारत, दिवसाला एक विमान, तेही हवा बरी असली तर. तिथून आमच्या गावी यायला खाडी, आणि वारा सुटला की होडीची तर बंद ठेवतात. होडीच नाही तर पलीकडे येशील कशी? मोडाला थांबायची सवय नसते, तुझ्यासारखीच. बी कोरडं आण.

हे पत्र वेळेत पोचो. तुझे भावोजी आजच चिखलाला लागलेत, तुझा धाक अजून आहे.

माया आहेच, ती घेऊन ये.

तुझी ताई

---

डोळखांब, १२ जून २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी परत आल्यावर तुझं पत्र उंबऱ्यात पडलेलं दिसलं. आता त्याचं काय करू, चुलीत घालू? असो. सगळं सांगते, मधे बोलू नको.

संदीपने कोरडं बी तोलून पंधरा किलो म्हणून सांगितलं होतं. पाणी पिऊन ते वीस झालं. मुंबईला काट्यावरची पोरगी म्हणे जास्त हाय. मग पाच किलोचं गाठोडं मांडीवर घेतलं. तपासणीवाल्याने त्यात हात घातला नि झटक्यात मागं ओढला, विचारतो मावशी, हे गरम कसं. मी म्हटलं जितं हाय, म्हणून गरम. त्याने साहेबाला बोलावलं. साहेब निघाला मुरबाडकडचा, सिद्धगडच्या पायथ्याचा. त्याने मोड बघितले, वास घेतला नि म्हणाला जाऊ द्या, घाईत हाय ते.

तुमचं विमानतळ आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडापेक्षा बारकं. सामान हाताने आणून देतात. माणसं बरी. पण बाहेर आले तर रिक्षावाला सांगतो, वाऱ्याने होडीची तर बंद, तीन दिवस तरी. खाडीपलीकडे तुझा माड दिसत होता गो, तो वाकडा. मी हाका मारल्या. तुला इथनं तिथं ऐकू येत नाय, तिथनं काय येणार.

बी तोवर एकमेकांत गुंतायला लागलेलं. तिथं रनवेचं गवत कापणारी रंजना भेटली. तिचं घर नि वाफा विमानतळाच्या भिंतीला लागून. तिचा नवरा महिपत म्हणाला, आज चिखल केलाय, आमचं बी उद्या टाकू, दुसरीकडं. तोंडओळख नाय नि माणसाने वाफा दिला. सांजेला सगळं बी पेरलं. तीन दिवस त्यांच्याकडं राहिले, कोंबड्या हाकलल्या, रोज खाडीवर जाऊन वारा बघितला. मंगळवारी माझं विमान आलं, वारा होताच. तुझं तोंड न बघता परत आले.

वीस दिवसांनी रोपं तयार होतील. ती उपटून ने, आवणी कर. पेरणी कुठं झाली त्याला भात विचारत नाय. आमच्यात यंदा दुकानातलं पिशवीचं बी टाकलंय, तेबी बरं उगवतं.

राग मनात ठेवू नको, बाकी काय ठेवायचं ते ठेव.

तुझी तानी

---

कोंडवाडी, २८ जून २०२५

चि. तानीस अनेक आशीर्वाद.

खाडीवरची तर सुरू झाली. आमच्या रितेशला घेऊन मी रंजनाकडे गेले. तुझ्या नावाने तिथे पाटी लागायची बाकी आहे. विमानतळाचा वॉचमन गुरं वाफ्यात येऊ देत नाही, सांगतो ते मुंबईच्या मावशीचं आहे. डोळखांब मुंबईत नाही हे मी त्याला सांगितलं नाही, तुझा रुबाब कशाला कमी करू. रोपं वीतभर, काळीभोर. काल आवणी झाली. तुझे भावोजी बांधावर बसून नुसते बघत होते, डोळे पुसत होते.

आता ऐक. पिशवीचं बी तू हाताला लावत नव्हतीस. आणि तुझं बी ज्यात असतं, आईने बांधलेल्या त्या पेंढ्याच्या मुड्यात पाच पायल्याच मावतात, सहावी जात नाही. मोजायला मीच शिकवलं होतं तुला. सगळा मुडा माझ्याकडे आणलास आणि घरी कोरडी राहिलीस, वर मला थापा.

म्हणून वाफ्याचा चौथा भाग मी उपटलेला नाही. सोमवारी सकाळी उपटीन, मुठी बांधून ओल्या गोणपाटात भरीन आणि दुपारच्या विमानात बसेन. रितेशने तिकीट काढलं. अकरा वर्षं माहेरचा रस्ता पाहिला नाही. ऐकू येत नाही, कुठे चुकेन, म्हणून कोणाला सांगत नव्हते. पण उपटलेली रोपं दोन दिवसांच्या वर थांबत नाहीत, मग मी तरी कशी थांबू. संदीपला मुंबईला घ्यायला पाठव. तू चिखल करून ठेव.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून रितेश संदीपला फोनही करतोय. हे पत्र पोचेल तेव्हा मी तुझ्या ओटीवर बसलेली असेन. फोडून मला वाचून दाखव. जोरात वाच, कान तसेच आहेत.

तुझी ताई