रुचिकाची साखर कुणाकडून आली

चौसाळा

तीर्थरूप जगदेवीअक्कास धाकट्या मन्मथप्पाचा शरणार्थ. दिंद्रुडला सगळे खुशाल असतील आणि तुझा गुडघा आता तुला माळवदावर चढू देत असेल, असं धरून पुढचं लिहितो.

माझ्या रुचिकाला बाविसाव्या वर्षी साखर निघाली, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. (तू इतकी रडलीस की पुढचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.) पोरगी काडीसारखी, गोडाला हात लावत न्हाई, मग साखर आली कुठून? घरात दोन पक्ष पडले. मी म्हणालो, सासुरवाडीकडून. त्यावर माझा मेहुणा मृत्युंजय वडवणीहून मुद्दाम आला, स्वतःच्या साखरेचा चांगला रिपोर्ट खिशात घालून. संभाजीनगरच्या दवाखान्यात त्यानं तो शेजारी बसलेल्या अनोळखी पेशंटलासुद्धा वाचायला दिला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र पोरीची उंची बघितली, मान बघितली आणि रक्त गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत रुचिकाची आई रोज रात्रीची उठून बसायची. परवा बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, हिच्या एका जोडीत एक गुणसूत्र कमी आहे. याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. अशा मुलींना मधुमेहाचा धोका जास्त असतो. हिची साखर त्यामुळं असू शकते, पण छातीठोक सांगता येत नाही. मी पडलो किराणा दुकानदार, विचारून बसलो, कमी आलेला नग मागून मिळतो का? बाई हसल्या न्हाईत. मृत्युंजयनं विचारलं, कमी आलं ते कुणाकडून?

बाई म्हणाल्या, "यात कुणाचीच चूक नाही. गर्भ राहतानाच असं होऊन जातं. आईनं काय खाल्लं, काय केलं, याचा काही संबंध नाही."

रुचिकाची आई इतका वेळ भिंतीकडं बघत होती. ती म्हणाली, "परत एकदा सांगा." बाईंनी सांगितलं. मग तिनं आम्हा दोघांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं आणि तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

हृदयाची तपासणी चांगली आली, साखर गोळ्यांनी आटोक्यात येतेय. परतताना रुचिकाच्या आईला गाडीत झोप लागली ती थेट चौसाळ्यापर्यंत.

तुझा,
मन्मथप्पा

ता. क. अक्का, पोरगी वाढंना तेव्हा तू म्हणाली होतीस, हिच्या आईनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. तू विसरलीस, ती विसरली न्हाई. एकदा ये आणि तिच्याशी बोल. एवढ्यासाठीच लिहिलं.

आत्या, मी रुचिका. पत्र टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून खाली लिहिते. त्या दिवशी बाबांचंही रक्त तपासलं. त्यांची साखर माझ्यापेक्षा जास्त निघालीय. येताना पेढे आणू नको.