आमच्या फाटकासमोरचे साहेब

४ नोव्हेंबर

आजही तेच! शिवणाचं मशीन ऐन रंगात, आणि बाहेरून बाबांची हाक — "सूनबाई, पाणी आण! पाहुणे आलेत!" पाहुणे कसले! रस्त्याने चाललेलं एक जोडपं. फाटकासमोरची पाटी वाचायला थांबलं आणि आमच्या सासऱ्यांच्या तावडीत सापडलं. पाटीवर ओळी चारच — एकोणिसाव्या शतकातले थोर पुढारी या जागी राहत असत, वगैरे. बाबा त्याचं तासभर पुराण लावतात. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही आधी नीट रांगेत उभं करतात.

त्या जोडप्यातल्या नवऱ्याने विचारलं, "पण हे घर तर नवं वाटतंय?"

बाबा म्हणाले, "साहेबांनी शेवटी शेवटी डागडुजी केली होती ना!"

माझ्या हातातला ट्रे पडता पडता वाचला. साहेबांचं घर पलीकडे, चौकात. पाइप टाकायला रस्ता खणला तेव्हा कामगारांनी पाटी उपटली आणि परत लावताना घोळ घातला. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही.

७ नोव्हेंबर

आज साहेबांना शिंकांचा विकार जडला. म्हणून म्हणे त्यांची भाषणं आटोपशीर असायची! एका बाईंनी हे चक्क लिहून घेतलं. मग पाणी प्यायला आत आल्या आणि बाह्यांच्या फॅशनवरून माझ्याशीच गप्पा मारत बसल्या. सगळी दुपार गेली. काम तसंच पडलंय.

१२ नोव्हेंबर

नगरपालिकेचा माणूस आला होता. पाटी चुकीच्या जागी आहे, पुढच्या आठवड्यात चौकात हलवणार.

हे गेले त्याच वर्षी पाटी इथे आली. मुलगा गेल्यावर बाबांना तेवढाच एक विरंगुळा. तो गेला तर हा माणूस अंथरूण धरेल! मी भांडले — "राहू द्या हो! साहेब काय तक्रार करायला येणार आहेत?" तो हसला. पण वरून हुकूम आहे म्हणाला.

बाबा झाडांना पाणी घालत राहिले. एरवी त्यालाही रांगेत उभं करून पुराण ऐकवलं असतं. हे लक्षण बरं नाही.

१५ नोव्हेंबर

बाबांचं जेवणावरून मन उडालंय. मी साहेबांच्या नावाने बोटं मोडली.

१८ नोव्हेंबर

गेली पाटी. काढताना बाबाच कामगारांना सांगत होते — "हळू! आधी खालचा बोल्ट!" मग पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसले. म्हटलं, "बाबा, इतकं मनाला लावून घेऊ नका."

"अगं, ते कामगार बिचारे चौकातच लावत होते. मीच त्यांना इथे घेऊन आलो."

"का पण?"

"पोरगा गेल्यावर तू खोलीबाहेर येईनास. कुणाशी बोलेनास. म्हटलं, चार लोक दारात थांबले तर पाणी द्यायला तरी येशील."

१९ नोव्हेंबर

सकाळी दाराशी येऊन बाबांनी हळूच विचारलं — "आता परत दार लावून बसणार नाहीस ना, पोरी?"

मशीन उचलून बाहेर व्हरांड्यात मांडलं. एका बाजूने बाबांनी धरलं होतं.