न धरलेला महिना

कोल्हापूर,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८९९

श्रीमान पावणं केरबा चौगुले, मुक्काम कुरुंदवाड, यांच्या सेवेशी

सयाजी खराडे याचा हात जोडून रामराम. विहीणबाईंच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल आणि तुमचा नदीकाठचा ऊस खुशाल असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. (तिघं म्हणजे मी, शाहूवाडीहून दिवाळीला आलेली माझी थोरली बहीण धोंडुबाई आणि तिसरी तुमची सून मीनाक्षी. होय, ती इथंच आहे. आज ती तुमच्या चिरंजीवांजवळ अमेरिकेत असायला हवी होती, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर पत्र लिहायला बसलो. तीन दिवस बसतोय आणि उठतोय.)

तुम्हाला आठवत असेल, हिंदुरावांनी आषाढात लिहिलं होतं की मूल तिकडंच जन्माला यायला हवं. तिथं जन्मलेलं मूल जन्मतःच तिथलं नागरिक होतं, पुढं त्याला जन्मभर कुणाच्या टेबलासमोर कागद घेऊन उभं राहावं लागत नाही. मीनाक्षीचे कागद दिवाळीपर्यंत होतील, मात्र सातवा महिना सरायच्या आत तिनं विमानात बसायला हवं, आठवा लागला की विमानवाले घेत नाहीत. तेव्हा सातवा कधी सरतो ते मामांनी नक्की कळवावं. आता एवढा शिकलेला जावई मला काहीतरी विचारतो, याचंच मला अप्रूप. मी चार बुकं शिकलेला माणूस, उभा जन्म शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर गेला. पण पंचांग मला येतं. (गल्लीतल्या निम्म्या लग्नांच्या तिथी मी बघून दिल्यात. त्यातली दोन मोडली, पण त्यात तिथीचा दोष नव्हता.) चष्मा लावला, बोटं मोजली आणि कळवून टाकलं, कार्तिकअखेर. त्यांनी त्या भरवशावर तिकीट काढलं.

त्यावर गप्प बसलो असतो तर आज निदान चहाच्या दुकानात तरी जाता आलं असतं. मी काय केलं, की तालमीच्या कट्ट्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं, नातू अमेरिकेचा होणार. दूधवाल्यानं विचारलं, मग त्यो मत कुठं टाकणार? मी म्हटलं, दोन्हीकडं. (असं चालतं की नाही, देव जाणे. विचारायला गेलो नाही.) दिवाळी झाल्यावर डोहाळजेवण केलं. तुम्ही दोघंही होता, झोपाळ्यावर हिरव्या साडीतली पोर बघून विहीणबाईंनी डोळे पुसले होते. त्याच दिवशी धोंडुबाईनं मला मोरीपाशी गाठून विचारलं होतं, सया, सातव्याच्या मानानं पोट लई दिसतंय रं. मी म्हटलं, अमेरिकेचं हाय, मोठंच असणार.

मग मुंबई. डिंकाचे लाडू, कांदालसणाची चटणी आणि बाळंतविडा यांचं एक बोचकं, एक ट्रंक, मीनाक्षी आणि मी. विमानतळावर खिडकीतल्या बाईनं मीनाक्षीकडं एकदा बघितलं, तिकिटाकडं एकदा बघितलं आणि आत डॉक्टरांना निरोप धाडला. डॉक्टर पोरीला आत घेऊन गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, सातवा नहीं बाबा, आठवा आधा हो गया. तरी मी त्यांना समजावून सांगायला लागलो, की साब, इस साल सावन दो थे, पहिलावाला अधिक का, वो हमारे में धरते नहीं. पावणं, तुम्ही जाणताच, धोंड्याच्या महिन्यात लग्न नाही, वास्तू नाही, कुठलंच शुभकार्य नाही. आपल्या लेखी तो महिना नसल्यासारखाच. तर मी तो पोटातल्या मुलाच्या हिशेबातूनही वगळला होता. डॉक्टर भला माणूस. हसला नाही. म्हणाला, आप नहीं धरते बाबा, बच्चे ने धरा है. मागं रांगेत उभे असलेले मात्र हसले. मीनाक्षी ट्रंकेवर बसून होती. तिनं मान वर केली नाही, आणि मलाही तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

परत आलो तर गल्लीच्या तोंडाशीच एकानं विचारलं, काय सयाजीराव, अमेरिका आटपली एवढ्यात? बोचकं डोक्यावर होतं म्हणून तोंड तरी झाकलं गेलं. घरात धोंडुबाई. तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, लगीन थांबतंय, वास्तू थांबती, प्वार थांबतंय व्हय रं महिनाभर? तेव्हापासून ती मला वाढते, पण बोलत नाही. मी लाडू खाऊन दिवस काढतोय. (ते बाळंतिणीचे आहेत, हे धोंडुबाईच्या ध्यानात यायचंय.)

पावणं, माझ्या एका मोजणीपायी तुमच्या नातवाचं नागरिकत्व गेलं. उद्या बापाकडं जाताना त्या जिवाला आधी परवाना मागावा लागेल, आणि त्याला कारण आजा. काय तोंडानं माफी मागू? विहीणबाईंना माझा नमस्कार सांगा, त्या घेणार असतील तर.

आपला अपराधी,
सयाजी

ता. क. हिंदुरावांना मुंबईहूनच तार केली आहे: मीनाक्षी सुखरूप, प्रवास रद्द, पत्र पाठोपाठ. ते पत्र मात्र तुम्ही लिहावं, एवढ्यासाठी हा सगळा प्रपंच. माझं अक्षर बघूनच त्यांचं डोकं तापेल, आणि तो राग माझ्यापर्यंत यायच्या आधी पोरीवर निघेल. बापाच्या अक्षरापुढं माणूस जरा थांबतो.

आणखी ता. क. वरचं सगळं खरं आहे, फक्त मी अधिक महिना वगळला तो रीत म्हणून, हे खोटं. आषाढात बोटं मोजताना तो महिना मला स्वच्छ दिसला होता. बोट त्यावर थांबलं आणि मी ते पुढं सरकवलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तिची आई असती तर तिनं हट्टानं केलं असतं. ती गेली, हट्ट माझ्याकडं राहिला. आणि तिकडं जन्मलेलं बाळ मला दाखवायला कधी आणणार, तोवर मी कुठला? धोंडुबाईला हे सांगायची माझी छाती नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही कुरुंदवाडात आहात.

पाकीट डकवायचं राहिलं होतं म्हणून हेही लिहितो. काल मीनाक्षी मेथी निवडत होती, तेव्हा तिच्यापुढं सगळं कबूल केलं. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, आप्पा, मला मोजता येत न्हाय व्हय?

हे हिंदुरावांना लिहू नका. चूक म्हाताऱ्याची, एवढंच लिहा.