चुलीवरच्या भाज्यांचे ॲप

आई, तुझ्या नातीने शहापूरच्या एका साप्ताहिकात माझ्याविषयी लेख लिहिला आहे. त्यात म्हटले आहे की, 'काकांनी आजीच्या वहीवरून रानभाज्यांचे ॲप महिन्याभरात तयार केले. ते सध्या तांत्रिक कारणाने बंद आहे.' या दोन वाक्यांत तीन चुका आहेत. तुझी वही कधीच नव्हती. तुला अक्षर येत नव्हते. वही माझी होती. महिनाभर नव्हे, नऊ महिने लागले. आणि कारण तांत्रिक नव्हते. पोरीने हे प्रेमापोटी लिहिले, हे मी जाणतो. पण प्रेमापोटी लिहिलेले खोटे अधिक काळ टिकते, म्हणून ते तुझ्यापुरते तरी दुरुस्त करून ठेवतो.

ॲप म्हणजे काय, हे तुला सांगणे अवघड आहे. हातात मावणाऱ्या काचेवर चित्र दिसते, चित्राला बोट लावले की मजकूर उघडतो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी ते शिकायला निघालो. दर मंगळवारी आपल्या वैशाखऱ्याहून एस.टी.ने मुरबाड, तिथून दुसरी गाडी शहापूर. तुझी नात तिथे संगणकाचा वर्ग चालवते. पडद्यावर रंगीत तुकडे असतात. ते एकमेकांत योग्य रीतीने अडकवले की काम होते, चुकीचे अडकवले की काहीच होत नाही. पहिले तीन आठवडे मी फक्त बटणांवरचे शब्द लिहीत आणि तपासत होतो. चौथ्या मंगळवारी ती माझा फोन हातात घेऊन बसली आहे, एकेक बटण दाबते आहे, आणि वर्गातली मुले हसू दाबत आहेत. "काका, शुद्धलेखन एक नंबर आहे तुमचं. पण बटण दाबून काय होतच नाय!" मी म्हणालो, "आधी मजकूर निर्दोष असावा." ती म्हणाली, "मजकूर कोन वाचनार, काका? त्यो उघडला तर पायजे!" मी तिच्या हातून फोन घेतला आणि वर्ग अर्धवट सोडून घरी आलो. पुढच्या मंगळवारी मात्र वेळेवर गेलो.

सगळा खटाटोप तुझ्यासाठी होता, असे मी लोकांना सांगत असे. तू गेल्यावर टाकळा कोणता आणि त्यासारखा दिसणारा कोणता, हे गावात सांगणारे कमी होत गेले. माझ्याकडे ती वही होती. तुझ्या शेवटच्या धडधाकट उन्हाळ्यात तू सांगत होतीस आणि मी लिहीत होतो. तुझे बोलणे मी लिहिता लिहिता सुधारत असे. "हळू बोल" म्हटले की तू वैतागायचीस: "तू लिव रे मास्तर तुझा, मी माझा हाताला लागंल ता टाकते." एकोणचाळीस भाज्या झाल्या. मी प्रत्येकीला एक पान दिले, छायाचित्र दिले, कृती दिली. तुळशीच्या लग्नाला ॲप लोकांसाठी खुले झाले तेव्हा वाटले, तुझे ऋण फिटले नाही, पण तुझे शब्द तरी मी लोकांच्या हवाली केले.

पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणाऱ्या शेवळांचे ॲपमधले पान मला पाठ आहे. वरचे साल काढावे, आतला पिवळा भाग टाकून द्यावा, बारीक चिरावे, तेलावर परतावे. भाषेत एकही दोष नाही. यंदा शेवळे बाजारात आली आणि एका सकाळी फोन आला. शहापुरात भाड्याच्या खोलीत राहणारी, नव्याने लग्न होऊन लातूरकडून आलेली एक मुलगी बोलत होती. आवाज शांत होता. ओरडली असती तर बरे झाले असते. "सर, सासूबाईंना दवाखान्यात ठेवलंय. घसा सुजलाय, पाणीसुद्धा गिळता येईना. तुमच्या ॲपमध्ये लिहिलंय अगदी तसंच केलं हो मी."

मी विचारले, काकडे घातली होतीस ना?

"काकडं म्हणजे? भाजीवाल्या मावशींनी मूठभर हिरवी आंबट फळं तशीच दिली होती. तुमच्या ॲपमध्ये ती नव्हती. म्हणून मी टाकून दिली."

आई, काकडांच्या रसावाचून शेवळाची खाज मरत नाही, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही जाणते. म्हणूनच विकणारी बाई न मागता काकडे देते, आणि म्हणूनच ते कोणी बोलत नाही. तूही बोलली नाहीस. तुझ्या हाताने ती केव्हाच भांड्यात टाकली होती. मी जे ऐकले ते लिहिले. त्या मुलीची सासू दोन दिवसांनी दवाखान्यातून घरी आली. मी ॲप फोन आला त्याच सकाळी काढून टाकले होते.

नात म्हणते, "काका, एक ओळ वाढवा ना! पाच मिनटाचा काम." शेवळांना एक ओळ वाढवता येईल. उरलेल्या अडतीस पानांत कोणती ओळ नाही, हे मला कोण सांगणार? मी डोळखांबकडच्या एका पाड्यावर तुझ्याच वयाची वाटावी अशी म्हातारी गाठली, लोतीच्या, म्हणजे शेवळांसारख्याच खाजणाऱ्या भाजीत काय काय घालता, असे विचारले. ती माझ्याकडे पाहून हसली. "आता ह्या काय इचारनं झाला? घालाचा असतं ता घालाचा!" तिच्या सुना वीटभट्टीवर गेल्या होत्या. मी वही न उघडता परत आलो. ते ॲप आता पुन्हा सुरू होणार नाही. आणि हा कागदही कोठे जाणार नाही.

लेखातले दिवस तेवढे नीट लावतो.

ॲपच्या कामाचा आरंभ: लेखात गुढीपाडवा. प्रत्यक्षात धुळवडीनंतरचा मंगळवार.

ॲप बंद: लेखात 'गणपतीच्या सुमारास'. प्रत्यक्षात वटपौर्णिमेच्या आदल्या सकाळी, फोन ठेवल्यावर लगेच.

वहीतले लेखन: लेखात तुझ्या आजारपणात. प्रत्यक्षात त्याच्या आदल्या वैशाखात. मी ओटीवर होतो, तू आत चुलीपाशी, आणि मध्ये भिंत होती.

शेवळे निवडणे: लेखात 'दर मृगाला काका आजीशेजारी बसत'. एकदाही बसलो नाही. त्या वर्षी मृगाच्या तिसऱ्या दिवशी तू आतून हाक मारलीस, "ये रे, बग तरी कशी करतात." लेख वाचल्यावर मी नातीला सांगितले की त्या दिवशी मला शाळेत जायचे होते. शाळेला सुट्टी होती.