डोअर डॉट एच सापडत नाही

सोमवार, ८ सप्टेंबर

पुन्हा तेच! "फाइल सापडत नाही." लाल अक्षरं. सकाळपासून एक ओळ पुढे सरकलेली नाही, आणि दाजी थोड्या थोड्या वेळाने केबिनमधून मान बाहेर काढून विचारतात, "झालं का गं?" नाही झालं. झालं असतं तर मी गप्प बसले असते का?

विसर्जनाच्या दिवशी आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं कार्ड जळलं. वीज गेली, आली, आणि गच्चीवरच्या मशीन रूममधून धूर! कार्ड आमच्याच युनिटचं. मीरा रोडच्या हाटकेशला आमच्या मालकांचं, दाजींचं, युनिट आहे, तिथे लिफ्ट चालवणारी कार्डं बनतात आणि मी त्यांचे प्रोग्राम सांभाळते. आमच्या बिल्डिंगचं काम दाजींना मीच मिळवून दिलं. सोसायटीचे सेक्रेटरी माझे बाबा. म्हणजे आता दोन्हीकडच्या शिव्या आमच्याच घरात.

जुनी चिप आता मिळत नाही. नव्या चिपवर जुना तयार प्रोग्राम चालत नाही, मूळ फाइलींपासून परत कम्पाइल करायला हवा, म्हणजे या चिपला कळेल असा बनवायला हवा. तो लिहिला होता अल्पेशने. अल्पेश उन्हाळ्यात दाजींशी भांडला आणि नोकरी सोडून गेला. मग दाजींनी त्याचा कॉम्प्युटर भंगारात घातला! माझ्या वाट्याला आलं एक फोल्डर. अर्धवट.

आणि आई सातव्या मजल्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. डॉक्टरांनी बजावलंय, जिना अजिबात नाही, आणि फिजिओथेरपी एक दिवसही चुकवायची नाही. दोन्ही एकदम कसं करायचं ते नाही सांगितलं. व्यायाम चुकला तर गुडघा आखडेल आणि तसाच राहील, हे मात्र आईच्या तोंडावर सांगितलं. आई हसली. मला तिथेच रडू आलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

एक सुटली! कम्पाइलर स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत म्हणत होता. मी घाईत साध्या कॉम्प्युटरचा कम्पाइलर टाकला होता, चिपचा नाही. मूर्ख! बरोबरचा टाकला. पहिली एरर गेली आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली. समाधान म्हणाला, "काय गं, लॉटरी लागली?" समाधान आमचा टेक्निशियन, बिल्डिंगांवर जाऊन कार्डं बसवतो.

लगेच दुसरी एरर. ही फाइल तर फोल्डरमध्ये होती, डोळ्यांसमोर! पण आतल्या फोल्डरमध्ये. कुठे शोधायचं तो रस्ता सांगितला नाही तर हा बाबा शेजारच्या खोलीत डोकावूनही बघत नाही. रस्ता दिला. तीही गेली.

मग तिसरी. डोअर डॉट एच, दारांची हेडर फाइल. ही खरंच नाही. सगळं धुंडाळलं. जुन्या मेलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये, समाधानच्या मोबाइलमध्येसुद्धा. नाहीच.

घरी आले तर आई पायाखाली उशी घेऊन बसलेली. तिने विचारलं, "हेडर हेडर करतेस, म्हणजे काय गं नेमकं?" म्हटलं, प्रोग्राममध्ये लिहिलेलं असतं, अमुक माहिती त्या फाइलीत बघ. कम्पाइलर बघायला जातो, फाइलच नाही. मग तो हटून बसतो. आई म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. लग्नात सगळे जमले आणि भन्तेजीच आले नाहीत, तर पुढचं कोण करणार?" मग म्हणाली, "वर्षावास चाललाय आणि मी विहारात नाही. वाचन कोण करतंय देव जाणे." लगेच स्वतःच हसली, "देव जाणे म्हणतेय बघ! घरात बसून बसून डोकं फिरलंय माझं."

बुधवार, १० सप्टेंबर

अल्पेशला परत फोन केला. उचलत नाही. मेसेज वाचतो, निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. माझा काय राग?

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज सकाळी जिन्यात चौथ्या मजल्यावरचे काका भेटले. दोन हातांत दोन पिशव्या, श्वास लागलेला. "बेटा, लिफ्ट का क्या हुआ? तुम लोग का ही कंपनी है ना?" मी "आज हो जाएगा अंकल" म्हणून पळाले. का म्हणाले मी असं? कुणी विचारलं होतं आज म्हणून?

दुपारी बाबांचा फोन. "फिजिओवाला घरी यायला तयार होता. खाली आला, लिफ्ट बंद बघितली आणि तिथूनच परत गेला. तुझ्या भरवशावर काम दिलं ना मी? लोक तोंडावर बोलतात, नानासाहेबांनी पोरीच्या कंपनीला दिलं, भोगा आता." बाबा ओरडत नाहीत. सावकाश बोलतात. त्याचंच जास्त लागतं.

दाजी येऊन पाठीमागेच उभे राहिले. "अगं, एक फाइल नाही तर दुसरी टाक. भाइंदरच्या त्या नव्या टॉवरच्या प्रोग्राममध्ये असेल की." होती. तशीच, त्याच नावाची. डोअर डॉट एच. उचलली, आपल्या फोल्डरमध्ये टाकली, कम्पाइल केलं.

एकही एरर नाही! एकही नाही! दाजींनी सगळ्यांना वडापाव मागवला. समाधानने कार्ड टेबलावरच्या चाचणीला लावलं, दिवे वर गेले, दिवे खाली आले. सगळं व्यवस्थित.

मी मात्र वडापाव खाल्ला नाही. समाधानने माझा पण खाल्ला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

डबा खाता खाता ती फाइल उघडून वाचली. एक एक ओळ. आधी वाचायला काय झालं होतं मला!

भाइंदरच्या टॉवरला आपोआप सरकणारी दारं आहेत, त्यांची काळजी वेगळं यंत्र घेतं. म्हणून त्या फाइलीत लिहिलंय, दाराचं लॉक तपासायचं: नाही. आमच्याकडे हाताने ओढायची दारं. प्रत्येक मजल्यावर दार लागलं, लॉक बसलं, हे बघितल्याशिवाय लिफ्ट हलताच कामा नये. मी घातलेल्या फाइलीने लिफ्ट ते बघणारच नाही. दार उघडं असलं तरी चालू पडेल! घास तोंडातच राहिला.

"नाही"चं "हो" केलं. पण मग कम्पाइलर पुढचं विचारतो, कुठल्या मजल्याचं लॉक कुठल्या वायरवर? दार लागल्यावर किती वेळ थांबायचं? ते अंदाजाने भरू? आईला आत उभी करून?

दाजींकडे गेले. म्हटलं, दाजी, ती फाइल चुकीची आहे, कार्ड लावू नका. ते म्हणाले, "अगं, चाचणीत तर मस्त चाललं!" "चाचणीच्या टेबलाला दार नाहीये, दाजी." हे माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. त्यांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं बरं. तू घाबरतेस फार. नाही लावत, जा." कार्ड कपाटात ठेवलं. दाजी वाईट नाहीत. चार बिल्डिंगांची कामं हातची गेलीत त्यांच्या, रात्रंदिवस फोनवर असतात. पण "बरं बरं" ते कुणालाही म्हणतात.

उद्या भाइंदरजवळच्या राई गावात जाते. अल्पेशच्या घरी. फोन उचलत नाही तर दारात उभी राहीन.

शनिवार, १३ सप्टेंबर, दुपार

राईच्या बसथांब्यावर बसून लिहितेय. बस येईपर्यंत लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

घर सापडलं. अल्पेशची आई, इंदुबाई, ओट्यावर सुकट निवडत होत्या. "अल्पेश न्हाय घरान. बापासंगं खाडीवर गेलाय. बस गो बाय, चाय घे." मग माझ्याकडे नीट बघून, "त्या लिफ्टवाल्याकरशी आली हाय का तू?" मी हो म्हटलं तर चहा देईनात की काय असं वाटलं. पण दिला. बशीभर खारीसुद्धा दिली.

अल्पेश आला तो जाळं खांद्यावर. मला बघून जागीच थांबला. "दाजींनी पाठवलं?" म्हटलं, नाही, मी आले. दाजींना माहीतसुद्धा नाही. "मला वाटलं, तेच तुला फोन करायला लावतायत."

डोअर डॉट एच त्याच्याकडेच आहे. हरवली नव्हती. जाताना त्यानेच काढून नेली! मी भडकले. आई घरात अडकलीय, गुडघा आखडतोय, आणि तू फाइल घेऊन बसलास? तो जाळं आवरत खाली मान घालून बोलत होता. "तुमच्या तिसऱ्या मजल्याचं लॉक गेलंय. ओढलं की दार उघडतं, लिफ्ट तिथे नसली तरी. म्हणून प्रोग्राम लिफ्ट मधेच थांबवायचा. थांबवायलाच पाहिजे ना? लोक कम्प्लेंट करायचे, लिफ्ट सारखी अडकते. दाजी बोलले, चेकिंग काढून टाक, कम्प्लेंट बंद. मी नाय बोललो. त्यावरूनच झालं सगळं."

मी विचारलं, मग लॉक का नाही बदललं?

"सोसायटीवाले बोलले, पुढच्या वर्षी बघू."

सोसायटीवाले म्हणजे कोण, ते दोघांनाही माहीत होतं. त्याने नाव घेतलं नाही. मीही नाही. बाबा! आपल्याच घरातला माणूस आणि मला याचा पत्ता नाही. रोज त्याच तिसऱ्या मजल्यावरून जाते मी.

मग तो म्हणाला, "फाइल नसली तर कम्पाइल होणार नाय. निदान पुढचा माणूस थांबेल, मला विचारेल. म्हणून नेली." म्हणजे ती एरर मुद्दाम ठेवलेली होती. कुणीतरी थांबावं म्हणून! आणि मी काय केलं? दुसरीच फाइल आत घालून तिला गप्प केलं. हे मी अल्पेशला सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. इंदुबाई म्हणाल्या, "आली ना पोर इचाराला. दे तिला."

दिली. त्यांच्या ओट्यावरच लॅपटॉप उघडून कम्पाइल केलं. एरर नाही. या वेळी उडी मारली नाही. फाइल वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. प्रत्येक मजल्यापुढे त्याने वायर लिहिलीय, आणि तिसऱ्यापुढे लिहिलंय, लॉक बदलेपर्यंत लिफ्ट इथे न्यायची नाही.

सोमवारी नवं कार्ड. त्याआधी आज बाबांशी बोलायचं. बाबांना मी आजवर उलट उत्तर दिलेलं नाही. बस आली.

शनिवार, संध्याकाळ

गेटपाशी आई भेटली. खुर्चीत बसलेली, नवी साडी, पायात चप्पल. "अगं, तुझी लिफ्ट चालू झाली! समाधान दुपारी कार्ड लावून गेला. मी विहारात जाऊन आले!" म्हणजे कार्ड गुरुवारचं, कपाटातलं, चुकीच्या फाइलीचं. माझं. बाबा सगळ्यांना पेढे वाटत होते.

आईला म्हटलं, जागची हलू नकोस. जिन्याने पळत सुटले. तिसऱ्या मजल्यावर दार ओढलं. उघडलं. समोर मोकळा खड्डा, आणि खालून लिफ्ट वर येतच राहिली. आत दोन शाळकरी मुली होत्या. माझ्या समोरून हसत वर गेल्या.

दार ओढून घेतलं, त्यासमोर शेजाऱ्यांचं बाकडं आडवं लावलं, बाकड्यावर त्यांच्या आजोबांना बसवलं. मुली वर उतरेपर्यंत थांबले. मग गच्चीवर जाऊन मेन स्विच पाडला.

मशीन रूमला आतून कडी लावून बसलेय. बाहेर बाबा आहेत. आज पहिल्यांदा ओरडतायत, "पंचशीला, दार उघड! तुझी आई खाली आहे!" मला माहीत आहे ती खाली आहे. मी आतून ओरडून सांगितलं, आधी तिसऱ्या मजल्याचं लॉक. बाबा आता सावकाश विचारतायत, "तिसऱ्याचं तुला कुणी सांगितलं?"